परदेशी कंपनीचं जॉबवर्क की देशी तोफेचे सुटे भाग?

भोसरी-चाकणकडच्या लहान कारखानदारांकडून हल्ली एकच प्रश्न फिरून फिरून येतो. गाड्यांच्या सुट्या भागांचं काम पातळ होत चाललंय, संरक्षण क्षेत्रात शिरायचं ठरलंय, पण कोणत्या दारानं? एक दार परदेशी शस्त्रकंपन्यांच्या ऑफसेट कामाचं, म्हणजे आपल्याला शस्त्रं विकताना काही काम इथल्या उद्योगांना द्यायच्या अटीतून येणाऱ्या कामाचं. दुसरं इथंच डिझाइन झालेल्या तोफा आणि रॉकेटच्या भागांचं. मी सहा वर्षं पहिलं काम केलं, मग दुसरीकडे वळलो. माझा कारखाना अठ्ठावीस माणसांचा आहे. मोठ्यांची गणितं वेगळी असू शकतील, हे आधीच सांगतो.

पैशाच्या बाबतीत परदेशी काम उजवं, यात वाद नाही. साठ दिवस ठरले की साठाव्या दिवशी रक्कम खात्यात. वर्षभराचं शेड्यूल आधी हातात, त्यामुळे बँकेसमोर मान खाली घालावी लागत नाही. देशी कामात माझं एक बिल सात महिने अडकलं होतं. लघुउद्योगांना पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळावेत असा कायदा आहे, पण वर्षाची सगळ्यात मोठी ऑर्डर देणाऱ्याविरुद्ध तक्रार करायला हात धजत नाही. त्या वर्षी दिवाळीचा बोनस मी घरातलं सोनं ठेवून दिला.

वाट पाहण्याचीही तयारी हवी. आपल्या पुण्याच्या एआरडीई या सरकारी शस्त्रसंशोधन संस्थेनं डिझाइन केलेल्या एटॅग्स तोफेचं काम २०१३ साली सुरू झालं आणि ३०७ तोफांचा करार मार्च २०२५मध्ये झाला. अशा प्रकल्पांत नमुन्याच्या तोफांसाठी भाग लागतात ते चार-सहा नग. तेवढ्यासाठी फिक्स्चर (भाग मशिनवर पकडून ठेवणारा साचा) बनवायचं आणि पुढची ऑर्डर कधी येईल ते कुणालाच माहीत नसतं.

शिस्तही मी परदेशी कामातच शिकलो. स्टीलच्या प्रत्येक बारचा हीट नंबर (तो कुठल्या ओतीतला ते सांगणारा), प्रत्येक गेजची कॅलिब्रेशनची तारीख, पहिल्या नगाचा पूर्ण मापन अहवाल. आज देशी इन्स्पेक्टर आमचे कागद बघून दहा मिनिटांत पुढे सरकतो, ती त्या सहा वर्षांची कमाई आहे.

मग मी वळलो कशामुळे? एका पिनमुळे.

तळहातावर मावेल एवढी पिन, एका टोकाला खाच. ड्रॉइंगवर खाचेच्या तळाचा कोपरा अगदी काटकोनात, रेडियस, म्हणजे कोपऱ्याची गोलाई, दिलेलाच नाही. आमचे टूलरूमचे मिस्त्री चाळीस वर्षं स्टील हाताळतायत. कागद बघताच म्हणाले, "साहेब, हार्डनिंगला इथूनच तडा जाणार." स्टील तापवून कठीण केल्यावर तसंच झालं. पहिल्या वीस नगांपैकी सहांवर, तडे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत निळ्या दिव्याखाली, खाचेच्या कोपऱ्यातून निघालेली केसाएवढी हिरवी रेघ चमकली. अर्ध्या मिलिमीटरचा रेडियस दिला असता तर प्रश्नच उरला नसता.

मी विचारणा पाठवली. ती आमच्या ग्राहकाकडे गेली, तिथून त्याच्या परदेशातल्या ग्राहकाकडे आणि तिथून मूळ डिझाइनवाल्यांकडे. अकरा आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: ड्रॉइंगप्रमाणे करा. खाचेत काय बसतं, भार कुठल्या बाजूनं येतो, तेवढं कळलं तर दुसरा मार्ग सुचवतो, असं मी पुन्हा लिहिलं. ती माहिती पुरवठादाराला देता येत नाही, असं कळवलं गेलं. मंजूर यादीतल्याच मिलचा बार मागवायचा, मंजूर यादीतल्याच ठिकाणी हीट ट्रीटमेंट करायची आणि तुटलेले नग आमच्या खात्यात मांडायचे. सहा वर्षं मी ती पिन बनवली. ती कुठल्या यंत्रात, कुठल्या जागी बसते हे मला आजही माहीत नाही.

ही गोष्ट मला फार लागली. कदाचित प्रत्येकाला इतकी लागणार नाही. पण मग वर्तमानपत्रातल्या संरक्षणाच्या बातम्या मी वेगळ्या वाचू लागलो. बोफोर्सच्या ४१० तोफा १९८६च्या करारानं आल्या, सोबत तंत्रज्ञानाचे कागदही आले. मग घोटाळ्याचं वादळ उठलं, कंपनीशी व्यवहार थांबले आणि कागद कपाटात राहिले. सुट्या भागांची इतकी ओढ झाली की एका तोफेचे भाग काढून दुसरीला लावावे लागले. कारगिलच्या वेळी लष्करप्रमुख जनरल मलिक म्हणाले होते की आहे त्यावर लढू. त्याच कागदांच्या आधारानं जबलपूरला धनुष तोफ उभी राहिली आणि पहिल्या सहा तोफा लष्कराला मिळाल्या एप्रिल २०१९मध्ये. तेजस मार्क १ए या लढाऊ विमानाचं तसंच. विमान आपलं, पण अमेरिकेकडे २०२१ साली नोंदवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिलं मार्च २०२५मध्ये आलं. तोवर सांगाडे इंजिनाची वाट बघत होते. जगातल्या शस्त्रव्यवहारांची नोंद ठेवणाऱ्या सिप्री या संस्थेच्या २०२०–२४च्या आकड्यांत आपण जगातले दुसऱ्या क्रमांकाचे शस्त्र आयातदार आहोत. त्यात रशियाचा वाटा २०१०–१४मधल्या ७२ टक्क्यांवरून ३६वर आला, फ्रान्सचा वाढला. दुकान बदललं, एवढंच मला त्यात दिसतं.

देशी कामाच्या पहिल्याच वर्षी माझ्यापुढे तसाच कोपरा आला, या वेळी एका ब्रॅकेटवर. मी फोन केला. तिसऱ्या दिवशी डिझाइन करणारे गृहस्थ स्वतः शेडवर आले. ब्रॅकेट हातात घेऊन त्यांनी तोफ मागे येते तेव्हा धक्का कुठून कुठे जातो ते खडूनं टेबलावर काढून दाखवलं. रेडियस एक मिलिमीटर चालेल, दीड नाही, कारण शेजारी सील बसतं. मिस्त्रींना त्यांनी दोन प्रश्न विचारले, लाल पेननं दुरुस्ती करून सही केली आणि नवव्या दिवशी सुधारित ड्रॉइंग आलं. ते मी मिस्त्रींच्या टेबलासमोर लावलंय.

देशी म्हणजे सगळंच देशी, असं मात्र समजू नका. काही बेअरिंग, काही सेन्सर अजून बाहेरून येतात. माझ्या व्हीएमसी या संगणकीय मशिनचा कंट्रोलरही जपानी आहे.

डोक्यावर मशिनचं कर्ज ताजं असेल तर माझं मत असं की दोन वर्षं परदेशी काम करा, कागदपत्रांची सवय लावून घ्या. पण सगळी मशिनं त्याला बांधू नका. २०२०च्या संरक्षण खरेदी नियमावलीनं सरकारा-सरकारांमधल्या आणि एकाच विक्रेत्याच्या सौद्यांतून ऑफसेटची अट काढली, त्यामुळे त्या झऱ्याला नवं पाणी कमीच येणार असं वाटतं. दरम्यान संरक्षण मंत्रालयाच्या सृजन पोर्टलवर बाहेरून येणाऱ्या भागांची यादी चाळत राहा. आपल्या मशिनवर निघण्यासारखं त्यात बरंच असतं. कोणतीही ऑर्डर घेण्याआधी एवढं विचारा: ड्रॉइंगमधल्या बदलावर सही कोण करतं आणि त्यांच्याशी थेट बोलता येईल का?

माझ्या सहा मशिनांपैकी पाच आज देशी कामावर आहेत. सहावं परदेशी कामावर ठेवलंय, पगाराची तारीख चुकू नये म्हणून. पिनचं काम मात्र गेल्या मार्चमध्ये परत केलं.