टमाटर सोलायचे कसे : उकळतं पाणी, शेगडी, किसणी की फ्रीजर?

आमच्या घरी हा विषय बाबांच्या कवळीपासून सुरू झाला. तोपर्यंत सार असो की भाजी, साल पोटात गेली तर गेली, कोणी विचारत नव्हतं. पण टमाटरची साल कितीही शिजवा, ती विरघळत नाही, तिची बारीक टोकदार सुरळी होते आणि ती सुरळी कवळीखाली गेली की माणूस भरल्या ताटावरून उठून बेसिनकडे जातो. असं दोनदा झाल्यावर बाबा म्हणाले, "सालटं काढून टाकत जा ना बाप्पा, एवढं काय जड आहे त्यात." मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. त्याला आता चारेक वर्षं झाली, तेवढ्यात जे जे ऐकलं ते सगळं करून पाहिलं, म्हणून लिहून राहिलो.

एक आधीच सांगतो, दर वेळी सोलायची काही गरज नाही. रोजच्या भाजीत, भेद्र्याच्या (भेद्रं म्हणजे टमाटरच) चटणीत, कोशिंबिरीत साल राहू द्या, उलट तिथे ती बरी लागते. सार, सूप, मखनी ग्रेव्ही, पोरांचा पास्ता, एवढ्यापुरतीच ही खटपट.

उकळत्या पाण्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. बुडाशी सुरीनं अधिकचं चिन्ह मारायचं, अर्धा-पाऊण मिनिट उकळत्या पाण्यात, झाऱ्यानं काढून थंड पाण्यात, की साल चारही कोपऱ्यांनी उलगडते. साल आणि गर यांना चिकटवून ठेवणारं पेक्टिन उष्णतेनं ढिलं पडतं, बाकी जादू काही नाही. कारखान्यातही तत्त्व बरंचसं हेच, फक्त तिथे वाफ नाहीतर गरम कॉस्टिक सोडा वापरतात, ते आपल्या ओट्यावरचं काम नाही. हिवाळ्यात मला या पद्धतीबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. डिसेंबरात सकाळी नळाचं पाणी बोटं बधिर करतं, एक गंज शेगडीवर आणि एक नळाखाली, डझनभर टमाटर दहा मिनिटांत नागडे. आकार शाबूत, गर कच्चाच, फोडी करा नाहीतर कुस्करा. मी थंड हवेच्या गावी राहत असतो तर हा लेख इथेच संपला असता.

पण मी नागपुरात राहतो. इथे २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता, आणि तो दिवस सोडला तरी नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी जे पाणी येतं त्यात हात धरवत नाही. थंड पाण्यात टाका म्हणे. कुठून आणू? पहिल्या उन्हाळ्यात मी उकळत्या पाण्यातले टमाटर काढून त्याच नळाच्या पाण्यात टाकले तर ते तिथेही निवांत शिजत राहिले, साल निघाली पण साल निघता निघता अर्धा गरही हातात आला. मग बर्फ. आमच्या फ्रीजमध्ये बर्फाचे दोन ट्रे, ते गंजात उपडे केले की तिसऱ्या टमाटरपर्यंत बर्फाचं पाणी आणि पाचव्यापर्यंत पाण्याचं कोमट पाणी. त्याच दिवशी दुपारी दोन वाजता भर उन्हातून पाहुणे आले आणि पन्ह्यात टाकायला घरात एक खडा नाही, बायकोनं माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलो नाही. माठातलं पाणी घेऊन पाहावं म्हटलं तर पाच जणांच्या घरात मे महिन्यात माठातलं पाणी टमाटर बुडवायला मागणारा माणूस काय लायकीचा, हे मला आईनं समजावून सांगितलं. आणि हे सगळं करताना तुम्ही उभे कुठे आहात? कुलर हॉलमध्ये, तुम्ही स्वयंपाकघरात, समोर भगभगती शेगडी आणि तोंडावर वाफ. दोन वाट्या सारासाठी एवढं? मला ही पद्धत सोडायला लागली ती या थंड पाण्यापायी, दुसरं कारण नाही.

शेगडीवर भाजणं ही बायकोची आवडती. वांगं भाजतो तसंच, सांडशीत देठाकडून धरायचं नाहीतर जाळीवर ठेवायचं, साल फुटून काळी पडली की हातानं ओढायची. पाणी नाही, बर्फ नाही, वरून धुरकट वास जो चटणीत नुसता बहार आणतो. भाजल्यावर नळाखाली धुऊ मात्र नका, वास सगळा सिंकमध्ये जातो. यात मला दोन अडचणी. एक म्हणजे टमाटर फुटला की रस बर्नरवर, बर्नरची भोकं बुजतात, मग संध्याकाळी आच पिवळी का येऊन राहिली म्हणून पिन घेऊन बसा. दुसरी म्हणजे साराला भरताची चव येते. बायको म्हणते येऊ दे, चांगलीच लागते. असेल, चवीचा प्रश्न आहे. सारात काळे कण तरंगतात ते मात्र मला पाहवत नाही. आणि इंडक्शनवाल्यांचा तर प्रश्नच मिटला.

दातेरी पात्याची सोलणी मी सीताबर्डीवरून आणली होती, साधी नाही, ती बारीक करवतीसारखी असते ती. साध्या सोलणीखाली टमाटर घसरतो, ही धरते. घट्ट, लांबट हायब्रीड टमाटर असेल तर मस्त चालते, पण आमच्या घरी आवडतो गावरान, गोल, आंबट, पातळ सालीचा आणि चांगला पिकलेला, तो या सोलणीखाली नुसता चेंदतो. दोन-तीन घट्ट टमाटर कच्चेच सोलायचे असले तर ठीक, नाहीतर ड्रॉवरमध्ये पडली आहे.

किसणीला मात्र लोक उगाच कमी लेखतात. टमाटर आडवा अर्धा कापा, कापलेली बाजू मोठ्या भोकांवर घासा, गर खाली ताटात आणि साल तळहातात, ती साल स्वतःच बोटांना किसणीपासून वाचवते. दोन माणसांच्या घराला मी डोळे झाकून हीच सांगेन. तीन टमाटर दोन मिनिटांत होतात. सहाच्या वर गेले की मनगट बोलायला लागतं आणि रस कोपरापर्यंत येतो. बिया सगळ्या उतरतात, ते चालत असेल तर बघा.

बिया चालत नसतील तर आईची पद्धत, कुकरची एक शिट्टी आणि मग चाळणीवर वाटीच्या बुडानं रगडायचं. साल वर, सार खाली, पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं आहे आणि त्यात खोट काढायची माझी हिंमत नाही, फक्त ती चाळणी घासायला आई मला देते. कच्चे टमाटर सरळ मिक्सरला फिरवायचे असं एकानं सांगितलं होतं, तर साल जात नाही, बारीक होते, आणि हवा घुसून फेस येतो, लाल साराचं गुलाबी सरबत होतं.

आता फ्रीजर. याचा शोध मी लावला असं म्हणणार नाही, तो माझ्यावर आला. जानेवारीत टमाटर मातीमोल झाले होते, कॉटन मार्केटमधून, म्हणजे इथल्या भाजीबाजारातून, भाव ऐकून मोहात पडलो आणि पाच किलो घेऊन आलो, आणि दुसऱ्याच दिवशी अमरावतीला लग्नाला निघायचं होतं. सडतील म्हणून सगळे तसेच फ्रीजरमध्ये कोंबले. आठ दिवसांनी येऊन पाहतो तर दगड. त्यातला एक वैतागून नळाखाली धरला, अंगठ्यानं जरा चोळला, तर भिजवलेल्या बदामाची निघते तशी साल अख्खी सरकून हातात आली. मी दुसरा धरला. तिसरा धरला. बायकोला हाक मारली. ती म्हणाली, "काहून ओरडून राहिले, आले ना मी."

टमाटरमध्ये जवळपास ९५ टक्के पाणीच असतं, पाण्याचा बर्फ होताना ते ९ टक्क्यांच्या आसपास फुगतं, त्यात आतल्या पेशी फाटतात आणि साल गरापासून सुटते. म्हणूनच हा टमाटर वितळला की लिबलिबीत होतो, फोडी करायच्या नावालाही उरत नाही, सॅलडवाल्यांनी इकडे फिरकू नये. पण सार-ग्रेव्हीला तो उलट लवकर शिजतो. त्यातून पाणी सुटतं ते फेकू नका, आंबटपणा त्यातच आहे.

आणि खरी गंमत मे महिन्यात कळली. ज्या टाकीच्या गरम पाण्यानं माझी उकळत्या पाण्याची पद्धत बुडवली, तेच पाणी इथे कामी आलं. जानेवारीत नळाखाली मिनिटभर धरावा लागायचा, मेमध्ये दहा मोजायच्या आत साल ढिली. शेगडी पेटवायची नाही, वाफ नाही, बर्फ तर टमाटर स्वतःच घेऊन येतो, दुपारी बाराच्या स्वयंपाकघरात हाताला गारवा लागतो तेवढाच. नागपूरच्या उन्हाळ्याचा मला झालेला हा एकच फायदा.

करताना माझ्याकडून झालेल्या चुका सांगतो. धुऊन अगदी कोरडे पुसा आणि आधी एका ताटात सुटे सुटे ठेवून गोठवा, दुसऱ्या दिवशी पिशवीत भरा, नाहीतर सगळ्यांचा मिळून एक गोळा होतो आणि तो फोडायला मी वरवंटा घेतला होता, फरशीची टवकी अजून आहे. देठाकडचा कठीण भाग सुरीच्या टोकानं आधीच काढून टाका, गोठल्यावर तिथे सुरी चालत नाही, आणि त्याच खड्ड्यापासून साल धरायलाही सोपी जाते. कच्चट टमाटर टाकू नका, फ्रीजरमध्ये तो पिकत नाही, जसा गेला तसाच येतो. पूर्ण वितळेपर्यंतही थांबू नका, वरून ओला आणि आतून दगड असतानाच सोला.

अडचण एकच, जागा. हिवाळ्यात आमच्या फ्रीजरवर तुरीच्या सोल्यांचा, म्हणजे ओल्या दाण्यांचा, पहिला हक्क, मग मटार, मग मुलाचं आइस्क्रीम, आणि सोले-वांग्यासमोर टमाटरची बाजू मांडणं या घरात सोपं नाही. वरून मेमध्ये लाइन गेली की जीव टांगणीला. छोटा फ्रीज असेल, वर एकच डबीएवढा फ्रीजर असेल तर मी आग्रह करणार नाही, हिवाळ्यात उकळतं पाणी आणि उन्हाळ्यात किसणी, तुमचं छान भागेल. थोडी जागा मात्र निघत असेल तर जानेवारीत दोन किलो टाकून बघा. २०२३ च्या जुलैत टमाटर १०० रुपयांच्या वर गेले तेव्हा आमच्याकडे तळाला एक पिशवी शिल्लक होती, शेजारच्या काकू दोनदा वाटी घेऊन आल्या.

बायको अजूनही शेगडीच्याच पक्षात आहे, चटणीसाठी मीही आहे. पण या जानेवारीत मी कॉटन मार्केटवरून आलो तेव्हा फ्रीजरचा खालचा कप्पा मोकळा होता, सोल्यांची एक पिशवी कमी झाली होती. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही, टमाटर पुसून ताटात ठेवले.