लेक्चर्स भारी, पण 'ताज्या घडामोडी' शिळ्या

कॉर्पोरेट लॉ आणि गव्हर्नन्समधल्या ताज्या घडामोडींवरचा एक ऑनलाइन कोर्स गेल्या आठवड्यात संपवला. नाव सांगत नाही, कारण पुढे थोड्या शिव्या पण आहेत.

आधी चांगलं. डेलावेअरवरची (अमेरिकेतलं राज्य, तिथल्या कितीतरी मोठ्या कंपन्या याच राज्याच्या कायद्याखाली नोंदलेल्या) लेक्चर्स खरंच जबरदस्त. टेस्लाच्या इलॉन मस्कच्या मोबदल्याच्या पॅकेजची केस मी नुसती हेडलाइनपुरती वाचली होती, ५५.८ अब्ज डॉलर, ३० जानेवारी २०२४ ला डेलावेअरच्या चान्सरी कोर्टाने (कंपन्यांचे वाद ऐकणारं कोर्ट) रद्द, विषय संपला. इथे सरांनी ती अशी सोलून दाखवली की बास! भांडण नुसत्या आकड्याचं नव्हतंच, पॅकेज ठरवणारे डिरेक्टर मस्कच्या किती जवळचे होते आणि मतदानाआधी शेअरहोल्डरांना हे नीट सांगितलं होतं का, हाच खरा मुद्दा. आणि केस टाकणाऱ्याकडे टेस्लाचे शेअर किती, तर फक्त ९. हे ऐकून मी लेक्चर पॉज करून हसले.

पण कोर्समधली गोष्ट तिथेच थांबते ना! डिसेंबर २०२५ मध्ये डेलावेअर सुप्रीम कोर्टाने पॅकेज रद्द करणंच चुकीचं ठरवलं, मस्कला पॅकेज परत मिळालं आणि केस टाकणाऱ्याला नुकसानभरपाई म्हणून नाममात्र १ डॉलर, याचा कोर्समध्ये एक शब्द नाही.

एक वेळ हे पण चाललं असतं, पण क्विझने डोकंच फिरवलं. प्रश्न असा की कंट्रोलिंग शेअरहोल्डर (ज्याच्या हातात कंपनीचा ताबा आहे तो) स्वतःच्याच कंपनीशी व्यवहार करतोय, तर त्या व्यवहाराला कोर्टातल्या आव्हानापासून संरक्षण मिळायला काय लागेल? मी लिहिलं, स्वतंत्र डिरेक्टरांच्या कमिटीची मंजुरी किंवा हितसंबंध नसलेल्या शेअरहोल्डरांच्या मतांचं बहुमत, दोन्हीपैकी एक चालेल (कंपनी प्रायव्हेट, म्हणजे शेअर बाजारातून बाहेर, करायची असेल तर दोन्ही). चूक म्हणे! उत्तर काय तर 'नेहमी दोन्ही'. अहो, ते एप्रिल २०२४ च्या मॅच ग्रुप कंपनीच्या केसच्या निकालातलं, त्यानंतर मार्च २०२५ मध्ये डेलावेअरचं सिनेट बिल २१ आलं आणि तिथल्या कंपनी कायद्याचं कलम १४४ च बदललं की. सपोर्टला मेल टाकला तर उत्तर आलं, 'आपली सूचना संबंधित टीमला कळवली आहे'. मार्क अजून कापलेलेच आहेत.

ब्रिटनचा भाग ठीक, म्हणजे १ जानेवारी २०२६ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी बोर्डाने मटेरियल इंटर्नल कंट्रोल्स (कंपनीतल्या चुका-घोटाळे रोखणाऱ्या महत्त्वाच्या अंतर्गत व्यवस्था) परिणामकारक आहेत का हे स्वतः जाहीर करायचं, तेवढं नीट समजावलंय. युरोपचा सस्टेनेबिलिटीवाला भाग बघताना मला झोप लागली, त्यात माझीच चूक असेल.

पाचपैकी तीन स्टार देतेय, तेही सरांसाठी. घ्यायचाच असेल तर आधी प्रत्येक लेक्चरखालची रेकॉर्डिंगची तारीख बघा, ती अगदी बारीक अक्षरात असते.