मुख्यमंत्री निधीतून पैसे काढून देतो म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका

लिहावं का नको असं लई दिवस चाललं होतं. पण परवा शेजारच्या गावातल्या एका पोराचा फोन आला, त्याच्या आईला गर्भपिशवीचा कॅन्सर निघालाय आणि निधीच्या नावावर आम्हाला ज्यानं फसवलं त्याच माणसाबद्दल तो विचारायला, "दादा, यांच्याकडं फाइल देऊ का?" मग राहवलं नाही.

आम्ही सेलू तालुक्यातले. शेजारचे नाना, नातं काही नाही पण मी त्यांच्याच ओट्यावर लहानाचा मोठा झालो. दिवाळीनंतर त्यांच्या गालात आतून जखम झाली, तोंड दोन बोटंसुद्धा उघडंना, दुधात कुस्करलेली भाकर गिळताना पण डोळ्यात पाणी यायचं. तुकडा तपासला तर कॅन्सर. खासगी दवाखान्यात ऑपरेशन न् रेडिएशन धरून ३ लाख ८० हजार सांगितले आणि नानांकडं फक्त सोयाबीनचे पैसे, ते पण उधारीत गेलेले. मग गावात वर्गणी केली. गुरुजींनी ५ हजार दिले, एका सालगड्यानं १०० ची नोट वहीत ठेवली, असे ६४ हजार जमले. वही माझ्याकडं होती, लोकांनी पैसे माझ्या तोंडाकडं बघून दिले होते.

तेवढ्यात तालुक्यातला एक जण भेटला. गाडीच्या काचेवर स्टिकर, मोबाइलमध्ये मोठ्या लोकांसोबतचे फोटो, बोलणं असं गोड की काकूंना "माय, तुम्ही आता रडायचं नाही" म्हणाला. मुख्यमंत्री सहायता निधीतून ३ लाख काढून देतो, फक्त फाइलचा खर्च १० टक्के. मी वर्गणीतले ३० हजार दिले, अर्धे फोन पेवर अर्धे रोख. वरून नानांचं आधार, रेशन कार्ड, पासबुक सगळ्याची झेरॉक्स दिली. आठ दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर मंजुरीचं पत्र आलं, वर तीन सिंह, खाली गोल शिक्का, "सदर रक्कम रुग्णाच्या खात्यात जमा होईल". काकूंनी ते पत्र मोबाइलवरच देवापुढं ठेवलं. मग म्हणे जीएसटीचे १२ हजार भरा, ते पण भरले. पुढं रोज उद्या, परवा, साहेब दौऱ्यावर आहेत, आणि एक दिवस फोनच बंद.

या सगळ्यात पाच आठवडे गेले. पैसे आल्यावर ऑपरेशन करू म्हणून आम्ही थांबलो होतो, आणि तवर गळ्याखाली गाठ हाताला लागायला लागली. ४२ हजारांपेक्षा मला हे जास्त जळतंय.

शेवटी संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटलात नेलं. तिथं आरोग्यमित्र म्हणून बसतात त्या ताईंना पत्र दाखवलं, त्यांनी एकदा बघितलं न् म्हणाल्या, निधीचा पैसा पेशंटच्या खात्यावर येतच नाही दादा, डायरेक्ट हॉस्पिटलच्या खात्यावर येतो, आणि अर्जाला एक रुपया लागत नाही. नंतर नीट बघितलं तर पत्रावर "सहायता" पण चुकीचं लिहिलेलं होतं, आणि खाली ऑफिसचा नंबर म्हणून मोबाइल नंबर. नानांचं ऑपरेशन सरकारच्या फुकट उपचाराच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसलं. त्यात आता ५ लाखांपर्यंत उपचार होतात, आणि जो उपचार योजनेत बसतो त्याला निधी तसा पण मिळत नाही. म्हणजे आम्ही ज्यासाठी पैसे भरले ते मिळणारच नव्हतं.

म्हणून सांगतो, कॅन्सर निघाला की आधी योजनेच्या १५५३८८ ला फोन लावा नाहीतर योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला गाठा. योजनेत नाही बसलं तरच निधीचा अर्ज करा, त्याला हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक, तहसीलचा १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्न दाखला, आधार, रेशन कार्ड न् रिपोर्ट लागतात, मधला माणूस लागत नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला कळवा, आम्ही उशिरा केला, तवर त्या खात्यात काही उरलं नव्हतं. रोखीचा तर पुरावाच नाही.

नानांचं ऑपरेशन झालंय, रेडिएशनचे शेक चालू आहेत, सध्या नाकातल्या नळीनं पेज देतात. मी वही घेऊन घरोघर जाऊन खरं सांगायलोय, सालगड्याचे १०० सगळ्यात आधी परत केले, तो घेईना, बळंच खिशात घातले. पोलिसात तक्रार दिलीय. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत भागात कुणाला असलंच पत्र आलं असेल तर ते डिलीट करू नका, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि आपल्या ठाण्यात तक्रार द्या. मी सोबत यायला तयार आहे.