कोल्हापुरात ड्रोन उडवायचाय: परवानगी स्वतः काढावी, ऑपरेटर बोलवावा की जागाच बदलावी?

लग्नाचं शूटिंग करणारा फोटोग्राफर, जमिनीचा सर्व्हे करणारा इंजिनिअर आणि उसावर फवारणीसाठी ड्रोन घेऊ पाहणारा शेतकरी, कोल्हापुरात या तिघांपुढेही आज तेच तीन रस्ते आहेत. नोंदणी, प्रमाणपत्र, परवानगी असं सगळं स्वतः उभं करायचं, ज्याच्याकडे हे आधीपासून आहे अशा ऑपरेटरला काम द्यायचं, किंवा जागा बदलून मोकळ्या हद्दीत उडवायचं. कुणाला काय परवडेल ते पुढे बघू. आधी आपली जागा नकाशावर कुठल्या रंगात पडते ते बघा, निम्मा निर्णय तिथेच होतो.

आधी नकाशा

ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या ड्रोन नियमांनी देशाचं आकाश हिरवा, पिवळा आणि लाल अशा तीन झोनमध्ये विभागलं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंत अगदी जमिनीपासून पिवळा झोन. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवा आणि त्याच्या वर पिवळा. त्यापलीकडे, दुसरं काही बंधन नसेल तर, ४०० फुटांपर्यंत हिरवा. हिरव्यात आकाशाची वेगळी परवानगी लागत नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची म्हणजे एटीसीची लागते आणि लाल झोनमध्ये थेट केंद्र सरकारची.

आता हे अंतर उजळाईवाडीच्या छत्रपती राजाराम महाराज विमानतळापासून मोजा. गोकुळ शिरगाव, सरनोबतवाडी, उचगाव, शिवाजी विद्यापीठ सगळं पिवळ्यात. अंबाबाईचं मंदिरही ८ किलोमीटरच्या आतच. रंकाळा सीमेच्या इतका जवळ आहे की चौपाटीवर उभं राहून अंदाज बांधण्यात अर्थ नाही, डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर नेमका बिंदू टाकूनच बघावं. कागल साधारण मधल्या पट्ट्यात येतं. जोतिबा, पन्हाळा, इचलकरंजी, प्रयाग चिखली १२ किलोमीटरच्या बाहेर.

एकदा बघितलेला नकाशा कायमचा धरू नका. पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल जाहीर करू शकतो. शाही दसरा, जोतिबाची चैत्र यात्रा किंवा मोठ्या नेत्याचा दौरा असेल तर हे आधी तपासा. उड्डाणापूर्वी डिजिटल स्कायवर निर्बंध पाहणं नियमानेच बंधनकारक आहे.

एवढ्या लांबपर्यंत हा जाच कशाला, असं स्टुडिओवाले विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. उतरणारं विमान साधारण ३ अंशांच्या उताराने खाली येतं, म्हणजे दर किलोमीटरला जवळपास ५० मीटर. धावपट्टीपासून २ किलोमीटरवर ते जमिनीपासून शंभरेक मीटरवर असतं. ४०० फूट म्हणजे १२० मीटर. तेवढ्या उंचीवर उडणारा लग्नाचा ड्रोन तिथे प्रवासी विमानाच्याही वर निघतो, आणि पायलटला एवढीशी वस्तू दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवलं की परवानगीचा अर्ज नुसता कागद वाटत नाही.

स्वतः परवानगी काढायची तर

इथे तीन गोष्टी लागतात आणि लोक त्या एकमेकींत मिसळतात. ड्रोनचा नोंदणी क्रमांक म्हणजे यूआयएन. उडवणाऱ्याचं रिमोट पायलट प्रमाणपत्र, ज्याला सगळे आरपीसी म्हणतात. आणि त्या जागेसाठी, त्या तारखेसाठी, त्या उंचीसाठीची परवानगी. पहिल्या दोन असल्या म्हणजे तिसरी मिळाली असं होत नाही.

सरकारी फी फारशी नाही, यूआयएन आणि आरपीसीची प्रत्येकी १०० रुपये. खरा खर्च डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेतल्या प्रशिक्षणाचा, आणि त्यासाठी धंदा बंद ठेवून जाणाऱ्या दिवसांचा. वय १८ ते ६५ आणि दहावी पास ही अट. प्रमाणपत्र १० वर्षं चालतं, त्यामुळे ज्याला काम सतत आहे त्याचा हा खर्च वसूल होतो.

मात्र या रस्त्यावर पाऊल टाकण्याआधी हातातला ड्रोन तपासा. कोल्हापुरात बरेच जण इथेच अडकतात. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनची आयात बंद आहे, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद. ओळखीतून बिलाशिवाय आलेला किंवा सेकंडहँड घेतलेला परदेशी ड्रोन कितीही चांगलं चित्र देत असला, तरी यूआयएन नसेल तर पिवळ्या झोनचा अर्ज भरायला बसणंच व्यर्थ. घ्यायचाच असेल तर टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलला मिळालेलं सरकारमान्य प्रमाणपत्र, असलेलं भारतीय बनावटीचं मॉडेल बघा आणि पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून त्या सर्टिफिकेटची प्रत मागून घ्या.

दुसरा गैरसमज २४९ ग्रॅमच्या छोट्या ड्रोनचा. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला आरपीसी लागत नाही, थर्ड पार्टी विमा लागत नाही, हे खरं. पण पिवळा झोन त्यालाही पिवळाच. त्याच्या वरचा, २ किलोपर्यंतचा मायक्रो ड्रोन हौसेखातर आरपीसीशिवाय चालतो. लग्नाच्या पॅकेजमध्ये त्याचे पैसे घेतले की तो व्यवसाय झाला आणि आरपीसी आलीच. शिवाय ड्रोनच्या ॲपमध्ये झोन ‘अनलॉक’ झाला म्हणून निर्धास्त होऊ नका. ते कुलूप कंपनीचं, परवानगी एटीसीची. नियम मोडल्यास दंड एक लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो.

अर्जात जागेचे अक्षांश-रेखांश, वेळ आणि उंची नेमकी द्या. मागायची म्हणून ४०० फूट मागू नका. लॉनवरच्या मंडपाचं छान दृश्य १०० फुटांवरूनही मिळतं, आणि कमी उंचीची मागणी पटवून देणं सोपं जातं. परवानगीत फोन करून कळवण्याची किंवा ठराविक वेळेत ड्रोन खाली आणण्याची अट आली तर ती शब्दशः पाळायची.

ऑपरेटरला काम द्यायचं तर

वर्षातून मोजकीच ड्रोनची कामं येणाऱ्या स्टुडिओला माझा सल्ला हाच. ड्रोनची किंमत, प्रशिक्षण, विमा, बॅटऱ्या हा सगळा पसारा थोड्या कामांवर अंगावर घेण्यात हशील नाही. ऑपरेटरचा दर जास्त वाटतो, कारण त्यात हे सगळं धरलेलं असतं.

तोटा तारखेचा. लग्नाचा मुहूर्त एटीसीच्या सोयीने ठरत नाही आणि सीझनमध्ये चांगला ऑपरेटर शेवटच्या आठवड्यात मिळत नाही. तावडे हॉटेल, उचगाव, सरनोबतवाडी या पट्ट्यातलं कार्यालय ठरलं की त्याच आठवड्यात ऑपरेटरशी बोला. आणि अशा कार्यालयांसाठी जिमी जिबचा, म्हणजे लांब दांड्यावर कॅमेरा लावलेल्या क्रेनचा, पर्याय मनात धरूनच ठेवा. वरातीचा, अक्षतांचा शॉट जिबवरून उत्तम येतो आणि त्याला आकाशाची परवानगी लागत नाही. ड्रोन नाही म्हणून अल्बम उणा पडला, असं मला तरी वाटत नाही.

जागा बदलायची तर

प्री-वेडिंगसाठी हा रस्ता सगळ्यात सोपा, कारण तिथे जागा आपल्या हातात असते. रंकाळ्याचा हट्ट सोडून प्रयाग चिखलीच्या संगमावर किंवा नदीकाठच्या एखाद्या ओळखीच्या मळ्यात गेलात तर आकाश मोकळं मिळतं. पहाटेच्या उजेडात नदीचं वळण आणि दोन्ही बाजूंची उसाची शेतं वरून जशी दिसतात, तशी फ्रेम शहरात मिळायची नाही.

पण नकाशावर हिरवा रंग दिसला म्हणजे सगळं सुटलं असं नाही. तो रंग फक्त आकाशाचा, खालच्या जमिनीला मालक वेगळा असतो. पन्हाळा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, आणि जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तिथे लक्षही जास्त आहे. पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय गडावर ड्रोन काढू नका. खिद्रापूरच्या कोपेश्वराचंही तसंच. दाजीपूर-राधानगरी म्हणजे अभयारण्य, तिथे वनखातं. जोतिबावर देवस्थान आणि पोलीस दोघांना विचारा. खासगी शेत त्या मानाने सोपं, मालकाचा होकार आणि आजूबाजूच्या घरांची खासगी जागा सांभाळली की झालं.

फवारणीवाल्यांसाठी थोडं वेगळं

यांची अडचण मला सगळ्यात खरी वाटते, कारण शेत काही उचलून हिरव्या झोनमध्ये नेता येत नाही. तामगाव, नेर्ली, गडमुडशिंगीच्या शिवारात फवारणीचा ड्रोन पिकाच्या वर जेमतेम दोन-तीन मीटरवर उडतो. विमानाला त्याचा धोका तो किती? तरीही ८ किलोमीटरच्या आत झोन जमिनीपासूनच पिवळा असल्याने परवानगी लागतेच. ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवर पंप घेऊन सरीत शिरणं किती जिकिरीचं असतं, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. पात्यांनी अंग कापतं आणि औषध तोंडावर येतं. त्या माणसाला ड्रोन मिळायलाच हवा.

इथे एकट्या शेतकऱ्याने स्वतः सगळं उभं करावं असं मी म्हणणार नाही. १० लिटर टाकीचा ड्रोन २ किलोच्या बराच वर जातो, म्हणजे आरपीसीही आली आणि विमाही. बचत गटाने, सोसायटीने किंवा गावातल्या एखाद्या प्रशिक्षित पोराने ड्रोन ठेवून सेवा द्यावी. शेतांच्या गट नंबरांच्या सीमा आखून, उंची पाच-दहा मीटरच मागून, फवारणीच्या हंगामाआधीच एटीसीकडे अर्ज टाकावा. कीड पडल्यावर धावपळ करून उपयोग नाही. कागलकडच्या शेतकऱ्यांना मात्र यातलं बरंचसं लागत नाही, मधल्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवंच आहे. तिथे फक्त यूआयएन, आरपीसी आणि विमा बघा.

ऑपरेटर ठरवताना

यूआयएनचा नंबर मागा आणि तो प्रत्यक्ष आणलेल्या ड्रोनवर आहे का ते बघा. आरपीसी उडवणाऱ्याच्याच नावावर हवी. मालकाची आरपीसी आणि रिमोट मदतनीस पोराच्या हातात, हे चालत नाही. विम्याची मुदत बघा. जागा पिवळ्यात असेल तर परवानगीची प्रत आगाऊ रक्कम देण्याआधी मागा, आणि ती अजून आली नसेल तर कधी अर्ज केला ते विचारा. परवानगी नाकारली गेली किंवा त्या दिवशी झोन तात्पुरता लाल झाला तर आगाऊ रकमेचं काय, आणि ड्रोनऐवजी जिब त्याच दरात मिळेल का, हे दोन्ही बुकिंगच्या पावतीवरच लिहून घ्या.