अँटी-सीसीपी वाढलाय: थांबायचं की गोळी सुरू करायची?

अँटी-सीसीपी ही आमवातात (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, सांधे सुजवणारा आजार) रक्तात सापडणारी अँटीबॉडी. माझा अँटी-सीसीपी 94, नणंदेचा 210. लॅबची मर्यादा 20. दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तेव्हा घरातल्या सगळ्यांनी काळजीनं पाहिलं ते तिच्याकडे. गोळी मात्र सुरू झाली मला.

फरक होता बोटांत. माझ्या बोटांची मुळं सुजलेली. सकाळी तासभर मूठ वळत नसे, कणीक तिंबायची म्हटलं की पोटात गोळा यायचा. तिचे सांधे दुखतात, पण रूमॅटॉलॉजिस्टनी (सांध्यांच्या डॉक्टरांनी) एकेक सांधा दाबून पाहिला तर सूज कुठेच नाही. ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्याही नॉर्मल. आमवात ठरवायच्या, 2010 पासून वापरात असलेल्या निकषांत मर्यादेच्या तिपटीहून जास्त अँटी-सीसीपीला 10 पैकी 3 गुण मिळतात खरे, पण किमान एक सांधा सुजलेला असेल तरच ते गुण मोजायला घ्यायचे.

सूज नसेल तर सहसा थांबतात. ही अँटीबॉडी आजाराच्या कितीतरी वर्षं आधी रक्तात दिसू शकते, आणि ती दिसली म्हणून प्रत्येकाला आमवात होतोच असं नाही. अशा लोकांना वर्षभर हायड्रोक्सीक्लोरोक्वीन हे आमवाताचं औषध देऊन पाहिलं, त्यानं आजार टळला नाही. मिथोट्रेक्झेट या दुसऱ्या औषधानंही टळला नाही, दुखणं मात्र कमी झालं. अबाटासेप्टच्या इंजेक्शनांनी आजार लांबतो, पण इंजेक्शनं थांबली की तो फायदा ओसरत जातो, आणि खर्च पेलणारा नाही. सिगारेट सोडणं, हिरड्यांकडे लक्ष देणं आणि सूज दिसताच डॉक्टरांकडे पळणं, एवढं तर फुकटात होतं.

सूज असेल तर थांबणं महागात पडतं. हाड एकदा झिजलं की भरून येत नाही. बहुतेकांना आधी मिथोट्रेक्झेट देतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं. रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून मी कॅलेंडरवर रविवारी लाल गोल करते. सोबत फॉलिक अॅसिड, ठरावीक काळानं रक्ताची आणि लिव्हरची तपासणी, दारू जपून. मूल हवं असेल तर हे औषध चालत नाही, आधीच सांगायचं. गुण यायला दीड ते तीन महिने लागतात, आणि हा काळ फार चिडचिडीचा जातो. हायड्रोक्सीक्लोरोक्वीन सौम्य आहे, गरोदरपणातही चालतं, फक्त डोळे तपासत राहावे लागतात. पण अँटीबॉडी जास्त आणि वर सूजही, अशा वेळी ते एकटं तोकडं पडतं असं माझं मत.

अँटी-सीसीपी दर तीन महिन्यांनी करून घेणाऱ्यांनी ते पैसे वाचवावेत. औषध लागू पडतंय का ते त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी सांधे आणि सीआरपी बघायचे. आरए फॅक्टर ही आमवाताची दुसरी रक्ततपासणी, तो तर वयानं, हेपटायटिस सीनंही वाढतो. वर्षभरानं माझा अँटी-सीसीपी 88 आला. बांगड्या मात्र साबण न लावता चढतात.

नणंद दर तीन महिन्यांनी दाखवून येते. मागच्या वेळी डॉक्टरांनी उजवं मनगट दोनदा दाबून पाहिलं आणि पुढची तारीख सहा आठवड्यांनंतरची दिली.