बोका चिकाच्या किनाऱ्यावर तळलेले मासे खाण्याआधी हे वाचा

न्यू जर्सीतली बरीच मराठी कुटुंबं फेब्रुवारीतल्या शाळेच्या सुट्टीत डोमिनिकन रिपब्लिकला जातात. विमानाचा प्रवास साधारण चार तासांचा आहे. अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर भारतीय पासपोर्टवरही वेगळा व्हिसा लागत नाही. बहुतेक जण पुंता कानाच्या रिसॉर्टमध्ये राहतात. तिथे जेवणखाण सगळं आधीच भरलेल्या पैशांत असतं, त्यामुळे खाण्याच्या बिलाचा प्रश्न येत नाही. आम्ही मात्र तिथलं खरं जेवण जेवायला आणि ला वेगा या शहरातला कार्निव्हल बघायला राजधानी सांतो दोमिंगोला उतरलो होतो. तुम्हीही असेच स्वतःच्या हिमतीवर फिरणार असाल तर आमच्या बाबतीत काय झालं ते आधी वाचा.

सांतो दोमिंगोत खाण्याची चंगळ झाली. सकाळी मांगू, म्हणजे भाजीची हिरवी केळी उकडून, लोण्यासारखी घोटून, वर व्हिनेगरमधला परतलेला कांदा आणि बाजूला तळलेलं चीज. दुपारी ‘ला बांदेरा’, म्हणजे भात, राजम्यासारख्या लाल घेवड्याच्या दाण्यांची पातळ उसळ आणि मटण किंवा चिकन. सासूबाई मांसाहार करत नाहीत, त्यांचं भात-उसळीवर छान भागलं. फळ्यावर दर लिहिलेले, बिल छापील, कुठेही कटकट नाही.

नंतर आम्ही बोका चिकाला गेलो. राजधानीपासून पाऊण तासावरचा हा किनारा. समोर प्रवाळाची रांग असल्याने पाणी संथ आणि उथळ, लहान मुलांना अगदी निर्धास्त सोडावं असं. तळलेला मासा आणि यानिकेके ही इथली प्रसिद्ध जोडी. यानिकेके म्हणजे आपल्या पुरीसारखीच, पण ताटाएवढी आणि कुरकुरीत.

गाडीतून उतरताच एका माणसाने आम्हाला खुर्च्या-छत्रीपाशी नेलं. बर्फाची पेटी उघडून आतले चियो दाखवले. चियो म्हणजे तांबोशीच्या जातीतला लाल मासा. सासरे अलिबागचे. त्यांनी कल्ले उचलून पाहिले, डोळे पाहिले आणि मान डोलावली. किंमत विचारली तर उत्तर आलं, “मिल दोसिएन्तोस.” बाराशे पेसो, म्हणजे वीस डॉलर. एका माशाचे, असंच कुणालाही वाटेल. मासे तळायला गेले तेवढ्यात दुसरा एक जण बादली घेऊन आला. त्याने चाकूने कालव उघडलं, वर लिंबू पिळलं आणि शिंपला थेट सासऱ्यांच्या तळहातावर ठेवला. “प्रुएबा, प्रुएबा,” म्हणजे चाखून बघा. नको म्हणेपर्यंत दुसरा शिंपला उघडलेला, मग तिसरा. हा बादलीवाला वेगळा फेरीवाला असावा असं वाटत होतं, पण त्याचाही हिशेब त्याच बिलात आला.

बिल वहीच्या फाडलेल्या पानावर पेनाने लिहिलेलं होतं. बाराशे हा दर एका पौंडाचा निघाला. दोन मासे मिळून साडेपाच पौंड, म्हणजे 6,600 पेसो. वजन आमच्यासमोर झालंच नव्हतं. कालवांचे 3,600, खुर्च्या-छत्रीचे 1,500, सरबतं आणि तळलेल्या केळ्यांचे 1,400. त्यावर 18 टक्के कर, 10 टक्के कायदेशीर टिप आणि खाली पुन्हा ‘प्रोपिना’, म्हणजे टिप, म्हणून 1,500. एकूण 18,268 पेसो. कार्डाच्या मशीनवर रक्कम पेसोत न दाखवता थेट डॉलरमध्ये दाखवली, 338. तेव्हाच्या दराने हिशेब तीनशेच्या आसपास यायला हवा होता. वरची रक्कम मशीनने लावलेल्या दरात गेली. आम्ही हुज्जत घालत होतो तोवर चार-पाच जण भोवती उभे राहिले. मुलं घाबरली, तेव्हा नवऱ्याने पैसे भरले.

शेजारच्या टेबलावर राजधानीतलं एक कुटुंब बसलं होतं. त्यातल्या बाई आमच्यामागून रस्त्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, पैसे देण्याआधी ‘फाक्तुरा कोन कोम्प्रोबान्ते फिस्काल’ मागा. म्हणजे कर खात्याच्या क्रमांकाचं अधिकृत बिल. आमच्या त्या कागदावर ना दुकानाचा नोंदणी क्रमांक होता, ना बिलाचा. मग करापोटी घेतलेले पैसे सरकारकडे जाणार तरी कसे? 18 आणि 10 टक्के ही आकारणी खरी आहे, हॉटेलात बसून जेवलं की ती लागतेच. पण जो तसं बिल देत नाही त्याला कर मागायचा हक्क नाही. आणि दहा टक्के एकदा दिल्यावर दुसरी टिप सक्तीची नसते.

पर्यटकांसाठीचं पोलितुर (आधीचं नाव सेस्तुर) नावाचं पोलीस दल तिथे आहे. त्यांचा शिपाई आमच्याबरोबर परत आला. मालकाने लगेच कुठूनसं पौंडाचे दर लिहिलेलं मेनूकार्ड काढलं. जास्तीची टिप, 1,500 पेसो, तेवढी परत मिळाली. बँकेकडे तक्रार केली तर उत्तर आलं की कार्ड तुम्हीच टेकवलंत आणि तुमच्याकडे धड बिल नाही. सासऱ्यांनी नंतर त्या प्रवासात मासा खाल्ला नाही, याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

तेव्हा मासा निवडताना “ला लिब्रा?” म्हणजे पौंडाला का, हे विचारा, वजन डोळ्यांसमोर करायला लावा आणि एकूण आकडा पेसोत लिहून घ्या. तिथे पेसोलाही $ हेच चिन्ह वापरतात, त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊ नका. कार्ड मशीनवर चलन विचारलं तर पेसो निवडा. मशीन पेसो दाखवतच नसेल तर रोख द्या. खुर्ची घेणं बंधनकारक नाही. कायद्याने किनाऱ्याचा साठ मीटरचा पट्टा सार्वजनिक आहे, वाळूवर चटई टाकून खुशाल बसा. हातावर ठेवलेला शिंपला न खाता परत द्या, वाईट दिसलं तरी चालेल.

ला वेगाला आम्ही शहाणे होऊन गेलो. फेब्रुवारीतल्या रविवारी दुपारी तिथे दियाब्लोस कोहुएलोस, म्हणजे शिंगांचे, दातांचे अवाढव्य मुखवटे घातलेले सैतान रस्त्यावर उतरतात आणि रस्त्यात आलेल्याच्या पार्श्वभागावर फुगीर चामडी पिशवीचा फटका देतात. बसथांब्यावर एक जण ‘प्रवेशाचे पास’ विकत होता. रस्त्यावर उभं राहून बघायला पास लागत नाही. आम्ही पुढे गेलो आणि फूटपाथवरून सगळं मनसोक्त पाहिलं.

निघण्याआधीची एक गोष्ट. त्या देशात येता-जाताना भरायचा ई-तिकीट फॉर्म फुकट असतो. शोधल्यावर वर येणाऱ्या काही साइट त्याचे पैसे घेतात. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘गोब डॉट डीओ’ असतं, ते बघूनच पासपोर्टचा नंबर टाका.