दोन जीबी रॅमवर गिट जीसी, गणपती ते शिमगा वापरल्यानंतर

बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक जुना डबा सर्व्हर म्हणून ठेवलाय, रॅम 2 जीबी, कोर 4. त्याच्यावर गिटची (फायलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या सॉफ्टवेअरची) रेपो, म्हणजे साठा, आत सीएनसीचे (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचे) प्रोग्राम आणि कास्टिंगच्या पॅटर्नची ड्रॉइंगं, काही फायली तर दीडदोनशे एमबीच्या. गणपतीच्या आधी गिट जीसी, म्हणजे रेपो आवरून फायली दाबून पॅक करणारी कमांड, रोज रात्री मरायचं, सकाळी बघावं तर त्यातला पॅक करणारा प्रोसेस पॅक-ऑब्जेक्ट्स सिग्नल 9 नं गेलेला, म्हणजे रॅम संपली आणि कर्नलनंच (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं) त्याला उडवला.

पॅक.विंडोमेमरी, म्हणजे फायली एकमेकींशी ताडून बघताना वापरायच्या रॅमची मर्यादा, 256 एमबी केली आणि वाटलं झालं काम, पण रात्री परत तेच. ही मर्यादा अख्ख्या प्रोसेसला नसते, एकेका थ्रेडला (प्रोसेसमधल्या एकाच वेळी चालणाऱ्या कामाला) असते, आणि थ्रेड किती ते सांगितलं नाही तर गिट जितके कोर तितके थ्रेड काढतं, म्हणजे चार गुणिले 256, इथंच 1 जीबी गेला की! वर डेल्टा (दोन फायलींतला नुसता फरक) तात्पुरते ठेवायचा कॅश वेगळा, तो मुळातच 256 एमबी. मग थ्रेड 1, विंडोमेमरी 100, डेल्टा कॅश 64 केला.

तरीपण मोठ्या ड्रॉइंगांवर अडकायचंच. विंडोमेमरी भरली की गिट विंडोतल्या (ताडायला एका वेळी घेतलेल्या) आधीच्या फायली सोडत जातं, पण जी हातात घेतलीय ती पूर्ण उघडावीच लागते, तिला ही मर्यादा आडवी येत नाही. खरा फरक पडला कोअर.बिगफाइलथ्रेशोल्डनं. मुळात तो 512 एमबी असतो, मी 20 वर आणला, आता त्याहून मोठ्या फायलींचा डेल्टा काढत बसत नाही, नुसत्या दाबून ठेवतं. रेपो 3.1 जीबीची 3.8 झाली, मला चालतंय, त्या दिवसापासून जीसी एकदापण मेलं नाही.

जीसीच्या ॲग्रेसिव्ह (जास्त जोर लावून दाबायच्या) पर्यायाच्या नादाला अशा मशीनवर लागू नका, त्यात विंडो 10 ची 250 होते.

एक मात्र बघत राहा. जीसी मध्येच मेलं किंवा लाईट गेली तर रेपोला काही होत नाही, जुने पॅक जागेवरच असतात, पण टीएमपी_पॅक नावाच्या अर्धवट फायली पडून राहतात. गिट काउंट-ऑब्जेक्ट्स या कमांडला व्ही लावून बघितलं तर गार्बेजमध्ये माझ्याकडे 6 जीबी! कुणी पुश करत (रेपोत नवं काही पाठवत) नाही असं बघून रविवारी बिनकामाचं साफ करणारं गिट प्रून चालवलं, डिस्क मोकळी.

निपाणीच्या मित्राच्या 1 जीबीच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर) हेच आकडे टाकले, फक्त विंडोमेमरी 50 केली, तिथंपण दोन महिने झाले चालू आहे.